प्रकाश-ध्वनी प्रतिमांकन : कॉन्ट्रास्ट द्रव्यांची कसोटी
प्रकाश-ध्वनी प्रतिमांकनात लेसरची स्पंदने शोषून ऊती किंचित प्रसरण पावतात व श्राव्यातीत लहरी निर्माण होतात. निकट-अवरक्त प्रकाश रक्तात कमी शोषला जातो, म्हणून तो खोलवर पोहोचतो. मात्र त्यामुळेच नैसर्गिक संकेत क्षीण राहतो आणि कॉन्ट्रास्ट द्रव्याची आवश्यकता भासते. सुवर्णाचे नॅनोदंड प्रबळ संकेत देतात, परंतु तीव्र लेसरने त्यांचा आकार बदलतो आणि ते यकृत व प्लीहेत दीर्घकाळ साचतात. याउलट, अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळालेले इंडोसायनीन ग्रीन यकृतावाटे काही मिनिटांतच रक्तातून निघून जाते; मात्र त्यामुळे निरीक्षणाचा अवधी अल्प राहतो. तेव्हा केवळ संकेताच्या तीव्रतेवरून द्रव्याची श्रेष्ठता ठरविणे एकांगी होय. द्रव्य शरीराबाहेर केव्हा व कसे पडते, हाही मूल्यमापनाचा निकष असावयास हवा.