पायांचे बल आणि समतोलाचा भ्रम

फुटबॉलपटूच्या दोन पायांतील बलाची तफावत मोजली की दुखापतीचे भाकीत करता येते, हा समज पुराव्यावर पुरता टिकत नाही. क्रॉझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४६२ व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. असमतोल न सुधारलेल्या खेळाडूंत मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापती त्यांना अधिक आढळल्या. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कतारमधील ६१४ खेळाडूंच्या अभ्यासात मात्र हा संबंध क्षीणच ठरला.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील क्रीडाशिक्षकाने यातून योग्य तो बोध घ्यावा. महागडे यंत्र हाताशी नसल्यास एका पायावरील उडीचे अंतर फितीने मोजता येते. परंतु केवळ गुणोत्तरावर विसंबणे फसवे होय. दोन्ही पायांवर १२० सेंटिमीटर उडी घेणारा शंभर टक्के समतोल ठरतो. १८० व १६२ घेणारा नव्वद टक्के. तथापि सरस उडी दुसऱ्याचीच! शिवाय चेंडू मारणारा पाय व देहभार पेलणारा पाय यांची कार्ये भिन्न असल्याने अल्प तफावत स्वाभाविकच आहे.

म्हणून प्रत्येक पायाचे मूळ आकडे नोंदवून खेळाडूची तुलना त्याच्याच पूर्वीच्या नोंदीशी करावी. तफावत आढळल्यास ती व्यायामाची दिशा दाखविते. दूरच्या पाड्यावरून आलेल्या मुलास संघातून वगळण्याचा आधार ती होऊ शकत नाही.