खुंटी कोणी मारली आणि ती काढणार कोण?

मेनफ्रेमवरची झेड/ओएस ही प्रणाली प्रत्येक डिस्कची, प्रत्येक टेपची एक छोटी नोंद मेमरीत ठेवते. तिचं नाव यूसीबी, म्हणजे युनिट कंट्रोल ब्लॉक. पूर्वी ही यादी प्रणाली सुरू होतानाच ठरायची. नोंदीचा पत्ता एकदा मिळाला की पुढच्या रीस्टार्टपर्यंत काळजी नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू प्रणालीतच डिव्हाइस जोडता-काढता येऊ लागलं आणि ही निश्चिंती संपली. समजा, तुमचा प्रोग्राम पत्ता धरून बसलाय आणि तेवढ्यात ऑपरेटरने अ‍ॅक्टिव्हेट कमांड देऊन ती डिस्क काढून टाकली. आता त्या पत्त्यावर काय असेल, सांगता येत नाही. विशेषाधिकार असलेल्या प्रोग्रामने तिथे काही लिहिलं, तर दुसऱ्याच कुणाचा तरी डेटा बिघडतो.

यावर आयबीएमने दोन वाटा दिल्या. एक, यूसीबीस्कॅन वापरून नोंदीची प्रत घ्या. दोन, पत्ताच हवा असेल तर नोंद 'पिन' करा, म्हणजे खुंटी मारा. खुंटी निघेपर्यंत ते डिव्हाइस काढता येत नाही.

प्रतीची वाट सुरक्षित खरी, पण प्रत घेतली त्या क्षणापासून शिळी व्हायला लागते. म्हणून कॉन्फिगरेशन टोकन आहे. मध्ये बदल झाला असेल, तर पुढच्या वेळी हे टोकन दाखवल्यावर प्रणाली तसं कळवते. मला ही सोय फार आवडते. कुणालाही अडवत नाही, पण फसवतही नाही.

पिनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट मात्र वेगळीच आहे. पिन करताना कारण लिहावं लागतं, ५८ अक्षरांचं. अ‍ॅक्टिव्हेट फसलं की ऑपरेटरला तेच कारण दिसतं. लिनक्समध्ये २००२ साली आलेल्या आरसीयूमध्ये वाचणाऱ्याला जवळपास काहीच खर्च पडत नाही, पण आपण का थांबलोय हेही तो सांगत नाही.

माझी तक्रार इथेच आहे. कारण सक्तीचं, पण मुदत कुठेच नाही. खुंटी किती वेळ राहील, हे सगळं लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर. आत कुणी 'टेस्ट' एवढंच लिहून ठेवलं असेल, तर रात्री दोन वाजता, बदलासाठी मिळालेल्या मोजक्या वेळात, ऑपरेटरने विचारायचं कुणाला?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. यूसीबीस्कॅनला डायनॅमिक डिव्हाइस हवीत असं स्पष्ट सांगितलं नाही, तर तो ती वगळतो. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून हे केलंय, हेतू चांगलाच. पण देखरेखीचा प्रोग्राम नवी डिस्क न बघताच 'सगळं ठीक' म्हणत राहतो, आणि त्यावर कुणी बोटही ठेवू शकत नाही.

चुकीचा पत्ता वापरला तर निदान कधीतरी आरडाओरडा होतो. न दिसलेल्या डिस्कबद्दल कोण ओरडणार? म्हणून असा कोड तपासायला हाती आला, तर अनपिन शोधण्याआधी मी तो डायनॅमिकचा पर्याय दिलाय का, हे बघेन.