हिरव्या डोळ्यांचा डॉक्टर

दिवाळीत फराळाचे ताट मांडीशी आणि रहस्यकथा हातात, ही आपल्याकडची जुनी चैन आहे. तेव्हा या अंकात एका खलपुरुषाविषयी चार शब्द लिहिले तर वाचक रागावणार नाहीत. हा खलपुरुष मात्र इथला नव्हे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारशी त्याची कधी गाठ पडली नाही. त्याचा अड्डा लंडनच्या लाइमहाउस वस्तीत आणि नाव डॉक्टर फू मांचू. १९१२ साली तो एका इंग्रजी मासिकात अवतरला, १९१३ साली पुस्तकात आला, आणि १९५९ साली त्याचा लेखक वारला तोवर त्याच्या नावावर १३ कादंबऱ्या जमा झाल्या होत्या. लेखक सॅक्स रोमर, हे टोपणनाव. खरा गृहस्थ बर्मिंगहॅमचा आर्थर हेन्री वॉर्ड.

पहिल्याच कथेत हिंदुस्थानच्या कारभारातला एक बडा इंग्रज अंमलदार बंद खोलीत मरून पडतो. मारेकरी असतो एक विषारी गोम. सुवासिक पाकिटाच्या वासावर तिला आत सोडलेली. विज्ञानाच्या कसोटीवर ही युक्ती टिकणार नाही, पण वाचताना ते आठवते कोणाला? हा डॉक्टर पिस्तूल वापरत नाही. विंचू, बुरशी, विषारी वायू हा त्याचा शस्त्रसाठा. मांजरासारखे हिरवे डोळे, उंच सडपातळ देह, आणि दिलेला शब्द पाळण्याची एक विलक्षण शिस्त. त्याचा पाठलाग करणारा नेलँड स्मिथ ब्रह्मदेशात नोकरी केलेला सरकारी अधिकारी. तो सदैव धावत असतो, टॅक्सी पकडत असतो, आणि बहुधा अर्ध्या तासाने उशिरा पोचतो. कथा सांगतो त्याचा मित्र डॉक्टर पेट्री. हा बिचारा दर प्रकरणात थक्क होतो आणि प्रेमात पडतो तोही फू मांचूच्याच गुलाम मुलीच्या!

मला वाटते, या खलपुरुषाच्या लोकप्रियतेचे मर्म इथेच आहे. रोमरला चिनी माणसाची भीती विकायची होती. १९०० सालचे बॉक्सर बंड इंग्रज वाचक विसरला नव्हता. ‘पिवळे संकट’ हा शब्द वर्तमानपत्रांनी घासून गुळगुळीत केला होता. पण भीती मोठी हवी तर शत्रूही मोठा हवा. म्हणून लेखकाने बुद्धी, धीर, विनोद, रुबाब, सगळे त्याच्या पदरात टाकले, आणि नायकाच्या वाट्याला उरली ती केवळ धावपळ. द्वेषातून घडवलेली मूर्ती घडवणाऱ्याच्या हातून निसटली. वाचक पान उलटतो ते डॉक्टर पुन्हा कधी दिसेल म्हणून. १९१७ च्या तिसऱ्या पुस्तकानंतर रोमरने हात आखडला होता. १९२९ साली डॉक्टर बोलपटात आला, आणि १९३१ साली लेखकालाही त्याला परत आणावे लागले.

एवढ्यावरून काही रसिक म्हणतात, मग यात अपमान कसला? चिनी माणसाला तर सर्वांत हुशार ठरवले आहे! हा युक्तिवाद मला पटत नाही. हुशारी त्या एकट्याची आहे आणि कपट साऱ्या जातीचे. पुस्तकातला प्रत्येक चिनी खानावळवाला, खलाशी, धोबी हा त्याचा संभाव्य हस्तक. खऱ्या लाइमहाउसमध्ये त्या काळी चिनी माणसे काही शेकडाच होती, बहुतेक बोटीवरची कामे करून पोट भरणारी. त्यांना डॉक्टरचा रुबाब मिळाला नाही, त्याचा संशय तेवढा मिळाला.

आणि आपण? फू मांचूच्या टोळीत ब्रह्मी डाकू आहेत, आपल्याकडचे फासीगार ठग आहेत. एका प्रकरणाचे नावच ‘शिवाची हाक’ आहे, आणि ती हाक म्हणजे मृत्यूचे आमंत्रण! घरात शंकराची पिंडी असलेला वाचक हे वाचून क्षणभर थबकतो, मग गोष्टीच्या ओढीने पुढे जातो, आणि साम्राज्याच्या त्या अधिकाऱ्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो. अफूचेच पाहा. रोमरच्या लंडनात अफूचे अड्डे चिनी माणूस चालवतो. पण १८३९ आणि १८५६ साली सुरू झालेल्या दोन युद्धांनी चीनच्या गळी अफू उतरवली ती इंग्रजांनी. आणि त्या व्यापारात माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच बोटींवर चढत होती. ज्याचे घर लुटले तोच उद्या आपल्या दारात उभा राहील, ही धास्ती या पुस्तकांच्या पानापानाखाली आहे. रोमरने ती ओळखली असेल असे मला वाटत नाही.

पडद्यावर हा डॉक्टर वर्षानुवर्षे चिनी नटाच्या वाट्याला आला नाही. स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड, मग १९३२ साली बोरिस कार्लोफ, १९६५ पासून पाच चित्रपटांत ख्रिस्तोफर ली. सगळे डोळ्यांच्या कडा रंगवून बसलेले गोरे. कार्लोफच्या चित्रपटाविरुद्ध वॉशिंग्टनच्या चिनी वकिलातीने निषेध नोंदवला होता. त्याआधी १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या पाद्री-लेखकाने रहस्यकथेचे नियम सांगताना कथेत चिनी माणूस नकोच असे बजावले होते, इतका हा साचा झिजला होता. १९७३ साली अमेरिकन चित्रकथांनी शांग-ची नावाच्या नायकाला फू मांचूचा मुलगा केले. २०२१ साली त्यावर चित्रपट निघाला तेव्हा बापाचे नाव बदलले आणि भूमिका हाँगकाँगच्या टोनी लिअंगने केली. त्याला हिरवे डोळे दिले नव्हते. बायकोच्या आठवणीने व्याकुळ होणारा तो खलपुरुष पाहताना माझ्या शेजारची मंडळी नायकापेक्षा त्याच्याकडेच अधिक पाहत होती.