मानसशास्त्रीय भांडवल आणि लघुउद्योगाचे यश : मापनाविषयी काही आक्षेप

लघुउद्योगाच्या यशाचे मूळ उद्योजकाच्या मनोवृत्तीत शोधण्याचा प्रयत्न भारतास नवा नाही. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६०च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले होते. पुढे फ्रेड लुथान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्मकार्यक्षमता, आशा, आशावाद आणि आघातातून सावरण्याची क्षमता या चार घटकांस ‘मानसशास्त्रीय भांडवल’ असे नाव दिले. त्यांची २४ विधानांची प्रश्नावली अल्पावधीत लोकप्रिय झाली. ती हाताळण्यास सोपी आहे, हे त्यामागील एक कारण असावे.

मात्र ही प्रश्नावली मुळात संस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी रचलेली आहे. व्यवस्थापनासोबतच्या बैठकीत आपल्या विभागाची बाजू मांडण्याविषयीचे विधान तीत आहे. दोन लेथ यंत्रे चालविणाऱ्या कारखानदाराने त्यास काय उत्तर द्यावे? त्याहून गंभीर दोष अभ्यासपद्धतीत आढळतो. आत्मविश्वास आणि धंद्याची प्रगती या दोहोंची माहिती एकाच उद्योजकाकडून, एकाच बैठकीत घेतली जाते. धंदा बरा चाललेला मनुष्य स्वतःस आत्मविश्वासू म्हणणारच. त्यामुळे कारण कोणते व परिणाम कोणता, हे सहसंबंधावरून ठरत नाही. ज्यांचे उद्योग बुडाले ते तर नमुन्यात येतच नाहीत.

चारही घटक सरसकट हितकारक मानणेही धाडसाचे आहे. हमिलेस्की व बॅरन यांच्या २००९ मधील अमेरिकेतील अभ्यासात संस्थापकांचा आशावाद आणि नव्या उपक्रमांची महसूल व रोजगारवाढ यांत व्यस्त संबंध आढळला. पूर्वी उपक्रम उभारण्याचा अनुभव असलेल्यांत तो अधिक तीव्र होता. चार घटकांच्या एकत्रित गुणांकात ही बाब दडून जाते.

याउलट टोगो या देशातील १,५०० सूक्ष्म उद्योगांवरील प्रयोग (२०१७ मध्ये प्रसिद्ध) अधिक विश्वासार्ह वाटतो. त्यात उद्योगांची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी केली होती. स्वयंपुढाकाराचे प्रशिक्षण मिळालेल्या गटाचा नफा नियंत्रण गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब, विपणन इत्यादींच्या पारंपरिक प्रशिक्षणाने झालेली ११ टक्के वाढ संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ ठरली नाही. येथे मनोवृत्तीस प्रशिक्षणाने वळण दिले गेले आणि परिणाम दोन वर्षांहून अधिक काळ नफ्यात तपासला गेला.

भारतीय संदर्भात आणखी एक चल वगळता येत नाही. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराची रक्कम खरेदीदाराने कमाल ४५ दिवसांत चुकती करावयाची असते. प्रत्यक्षात ती अनेकदा महिनोन्‌महिने अडकते. अशा उद्योजकाच्या अपयशाची नोंद ‘सावरण्याची क्षमता कमी’ या रकान्यात करणे शास्त्रीयही नाही आणि न्याय्यही नाही.