सोनारचा नकाशा आणि माशांचे घर

सोनारच्या नोंदींवरून सरोवराच्या तळाचा नकाशा काढणाऱ्या संगणक-आज्ञावल्या आता लहान नावेवरही वापरता येतात. तत्त्व सोपे आहे. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो; प्रतिध्वनी ०.०२ सेकंदाने परतला, तर खोली १४.८ मीटर. खडकाळ तळाचा प्रतिध्वनी जोरकस, चिखलाचा क्षीण. इथवर आमची तक्रार नाही.

पण मोजमाप होते ते नाव जिथून गेली तेवढ्या पट्ट्याचेच. मधली जागा आज्ञावली अंदाजाने भरते आणि रंग सहसा तेच वापरते. शिवाय अशा नकाशाला 'माशांचा अधिवास' म्हणणे आम्हांला मान्य नाही. उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या मध्य भागात उन्हाळ्याच्या अखेरीस तळालगतच्या पाण्यातील प्राणवायू फार घटतो व मासे तेथून दूर जातात. तळ तोच, नकाशा तोच. घर मात्र रिकामे!

शिक्षकांनी असा नकाशा वर्गात जरूर दाखवावा, पण मुलांना विचारावे : यात मोजलेले किती, अंदाजाचे किती आणि ध्वनीला न कळणारे काय?