प्रतिपिंड आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा : एक चिकित्सा

शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्वाची स्थिती रक्तातील २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी या संयुगावरून ठरविली जाते. सुमारे ४०० डाल्टन रेणुभाराचा हा लहान रेणू स्वतः प्रतिकारप्रतिसाद जागवीत नाही. त्यास वाहक प्रथिनाशी जोडूनच प्रयोगशाळेत प्रतिपिंड तयार करावे लागते. मात्र जोडणीलगतचा भाग प्रतिपिंडास नीट ओळखता येत नाही. परिणामी काही प्रतिपिंडे डी२ व डी३ या रूपांना समान प्रतिसाद देत नाहीत, तर काही २४,२५-डायहायड्रॉक्सी संयुगासही बांधली जातात. शिवाय रक्तातील बंधक प्रथिनापासून रेणू पूर्ण सुटला नाही, तरीही मापन चुकते.

२०११ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम, तर एंडोक्राइन सोसायटीने ३० नॅनोग्रॅम हे प्रमाण पुरेसे मानले. २०२४ साली एंडोक्राइन सोसायटीने आपल्या मर्यादेचा पुरस्कार थांबविला. अशा स्थितीत १९ आणि २१ यांतील भेद रुग्णाचा की प्रतिपिंडाचा, हा प्रश्न गौण ठरत नाही. सबब, वस्तुमान वर्णपटमितीशी पडताळणी केल्याविना आणि चाचणीपद्धती नमूद केल्याविना दिलेला आकडा हा पुरावा नव्हे, केवळ अंदाज होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.