दुरून डोंगर साजरे : मराठी प्रवासलेखनातील अपेक्षाभंगाचे स्थान

प्रस्तावना

ठाण्यातील माजिवडा नाका हा प्रवासाचा उंबरठा आहे. मुंबईहून येणारा मार्ग येथे दुभंगतो. एक वाट भिवंडीच्या अंगाने नाशिककडे जाते, दुसरी घोडबंदरकडे वळते. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी माळशेज, कसारा, इगतपुरी या दिशांना निघालेल्या मोटारींची येथे सकाळी रांग लागते आणि रात्री तीच रांग परतते. सकाळी मनात असलेले स्थळ आणि दिवसभरात प्रत्यक्ष पाहिलेले स्थळ यांत पुष्कळदा मोठे अंतर पडते. घाट पाहण्यास गेलेल्यांनी गर्दी पाहिलेली असते, धबधब्याकडे निघालेले वाहतुकीच्या कोंडीतच अडकलेले असतात. तरीही या प्रवासाविषयी लिहिण्याची वेळ आली की ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ या ठरीव वाक्यानेच लेखाचा शेवट होतो. शाळेतील ‘अविस्मरणीय सहल’ या निबंधापासून दिवाळी अंकातील प्रवासलेखापर्यंत या वाक्याची सत्ता अबाधित आहे.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मराठी समाजाला या अनुभवाची जुनी ओळख असल्याचे सांगते. मग म्हणीत असलेला हा अनुभव प्रवासवर्णनात इतका अभावाने का आढळतो? आणि जेथे तो आढळतो, तेथे लेखनाचे काय होते? या दोन प्रश्नांचा विचार काही निवडक ग्रंथांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

अपेक्षाभंग आणि कुरकुर

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. खोली अस्वच्छ होती, जेवण अळणी होते, गाडी उशिरा आली, ही गैरसोयीची तक्रार झाली. ती प्रवासवर्णनात विपुल आढळते आणि बहुधा विनोदाच्या अंगाने येते. अपेक्षाभंग याहून निराळा आहे. ज्या प्रतिमेच्या ओढीने माणूस घराबाहेर पडला ती प्रतिमाच स्थळी पोहोचल्यावर टिकत नाही, हे त्याचे स्वरूप होय. म्हणून तक्रारीचा विषय स्थळ असते, तर अपेक्षाभंगाचा विषय अपेक्षा हाच असतो. ती कोणी निर्माण केली, कशासाठी केली आणि आपण ती का स्वीकारली, हे प्रश्न तेथून सुरू होतात.

इंग्रजी कवी वर्ड्‌स्वर्थ १७९० मध्ये आल्प्स पर्वत ओलांडण्यास पायी निघाला. सिंप्लॉन खिंडीत वाट चुकल्यावर एका शेतकऱ्याकडून त्याला कळले की आल्प्स केव्हाच ओलांडून झाला आहे. ज्या क्षणाची वाट पाहिली तो नकळत निसटला होता. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रेल्यूड’ या त्याच्या आत्मपर दीर्घकाव्यातील कल्पनाशक्तीविषयीचे महत्त्वाचे चिंतन या निराशेतूनच उगवले आहे. अपेक्षाभंग हा लेखनाचा शेवट नसून आरंभ ठरू शकतो, याचे हे सुपरिचित उदाहरण आहे.

तीर्थयात्रेचा वारसा

मराठी प्रवासलेखनाची मुळे तीर्थयात्रेत आहेत. तीर्थक्षेत्राला माहात्म्यग्रंथ असतो. तेथे काय पाहावयाचे, कोठे स्नान करावयाचे आणि त्याचे फळ कोणते, हे यात्रेकरू निघण्यापूर्वीच निश्चित झालेले असते. अशा व्यवस्थेत स्थळ कधीच कमी पडू शकत नाही. प्रचीती आली नाही तर यात्रेकरूचा भाव अपुरा, त्याचे पुण्य तोकडे, असा अर्थ लावला जातो. संतपरंपरेने बाह्य उपचारांवर केलेली टीकाही देव अन्यत्र शोधावा असे सांगते. पाहिलेल्या स्थळाचे यथातथ्य वर्णन हे तिचे उद्दिष्ट नव्हते.

आधुनिक पर्यटनलेखनाने माहात्म्याचा आशय टाकला, परंतु त्याचा साचा टिकवला. पुण्याची जागा सौंदर्यानुभवाने घेतली आणि स्थळाचे निर्दोषत्व कायम राहिले. ताजमहाल पाहून मन हेलावले नाही असे लिहिणारा लेखक आपण अरसिक ठरू या धास्तीने ते वाक्य खोडून टाकतो. पूर्वीचा पापी आणि आजचा अरसिक हे एकाच साच्याचे दोन अवतार आहेत.

सरोवरातील डोंगर

या साच्याचा सर्वांत भेदक छेद पंडिता रमाबाईंच्या लेखनात आढळतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासमवेत त्यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला आणि रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत राहिले. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी एका तीर्थसरोवराची हकीकत दिली आहे. तेथील पाण्यात सात डोंगर तरंगत असल्याची ख्याती होती. निष्पाप यात्रेकरूची प्रार्थना ऐकून ते त्याच्याकडे सरकतात आणि पाप्याच्या बाबतीत जागचे हलत नाहीत, असे सांगितले जाई. पाण्यात उतरू नये, असा इशाराही पुजारी देत. रमाबाईंच्या बंधूंनी तो न मानता पोहत जाऊन पाहिले, तेव्हा दगडचुन्याचे ढीग तराफ्यावर रचून त्यांवर झाडे लावलेली आढळली. पुजाऱ्यांची खूण होताच मागे दडलेला नावाडी तराफा ढकलत असे.

‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीला याहून शब्दशः दृष्टान्त सापडणे कठीण. मात्र म्हणीपेक्षा ही हकीकत एक पाऊल पुढे जाते. म्हण अंतराला दोष देते. रमाबाई ते अंतर कोणी राखले होते हे दाखवतात. डोंगर जवळून पाहू न देण्यात कोणाचा तरी लाभ होता आणि ते जवळ आले नाहीत तर दोष पाहणाऱ्याच्या माथी मारण्याची तजवीजही होती. ही हकीकत रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मस्वीकारानंतरची आहे व तिच्यामागे त्या श्रद्धांतराची भूमिका आहे, ही गोष्ट समीक्षकाने विसरू नये. परंतु ज्यांचे आईवडील तीर्थांवर विश्वास ठेवून उपासमारीने गेले, त्यांच्या या कथनाला केवळ धर्मप्रचार म्हणून बाजूस सारणे न्याय्य होणार नाही.

गोडसे भटजींची रिती झोळी

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ बहुधा १८५७ च्या उठावाचे साधन म्हणून वाचला जातो. प्रवासवर्णन म्हणून तो वाचल्यास त्याचा गाभा अपेक्षाभंगात असल्याचे लक्षात येते. पेणजवळच्या वरसई गावचा हा कर्जबाजारी कुटुंबातील भिक्षुक बायजाबाई शिंदे यांच्या सर्वतोमुख यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने, काकांसह उत्तरेस निघाला. पण वाटेत उठावाचा वणवा पेटला आणि प्रवासाचे मूळ प्रयोजन मागे पडले. झाशीचा वेढा, शहराची लूट व कत्तल त्यांनी आतून पाहिली. मिळालेले द्रव्य लुटले गेले. अखेरीस गंगाजलाची कावड घेऊन ते घरी परतले.

या ग्रंथाचे मोल गोडसे यांनी काय लपवले नाही यात आहे. धनासाठी निघालो हे ते सांगतात. भीती वाटली, जीव वाचवण्यासाठी लपलो, हेही सांगतात. धनाऐवजी गंगाजल मिळाले म्हणून प्रवास सफल झाला, असा सोपा शेवट श्रद्धाळू वाचकाला करता येईल. पण मधल्या शेकडो प्रसंगांनी तो शेवट जड करून ठेवला आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिलेला हा मजकूर लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये, वैद्यांच्या फेरफारांसह, प्रसिद्ध झाला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्तीसाठी १९६६ साली दत्तो वामन पोतदारांच्या संपादनापर्यंत वाट पाहावी लागली. प्रवाशाच्या सरळ कथनावर संपादकीय हात फिरवण्याची गरज भासावी, हेही त्या काळाच्या वाङ्मयीन अपेक्षांविषयी पुष्कळ काही सांगते.

वारीतील दोन पंगती

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख या परंपरेतील सर्वांत समतोल लेख मानावा लागेल. पंढरीच्या वारीत चालताना त्यांना भक्तीचा आनंद आणि सहप्रवासिनींचा जिव्हाळा लाभला. त्याच वारीत ब्राह्मण आणि मराठा स्त्रिया दिवसभर एकत्र चालतात, एकत्र अभंग गातात आणि जेवावयास मात्र वेगळ्या बसतात, हेही त्यांनी पाहिले. समतेच्या वाटेवर समता न आढळल्याची व्यथा लेखात स्पष्ट उमटली आहे. तरीही पंढरपूरला जाणाऱ्या लोकांचा देश तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना याच वाटेवर गवसली. व्यथा आणि व्याख्या एकाच लेखात नांदतात. एकीसाठी दुसरी पुसली जात नाही. दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तकही वारीच्या गौरवाला दैनंदिन तपशिलांची जोड देऊन हीच वाट पुढे नेते.

विनोद आणि ध्येयवाद

विसाव्या शतकातील लोकप्रिय प्रवासवर्णनांनी अपेक्षाभंग टाळण्याचे दोन मार्ग शोधले. पहिला विनोदाचा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) फजिती होते ती मुख्यतः निवेदकाची. निवेदक स्वतःवर हसतो, त्यामुळे स्थळाचा मान राखला जातो आणि वाचकही सुखावतो. ही शैली ‘पुलं’च्या हाती निर्मळ होती, अनुकरण करणाऱ्यांच्या हाती ती न पाहण्याची सबब झाली. दुसरा मार्ग ध्येयवादाचा. अनंत काणेकर यांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या शीर्षकातच निघण्याचे ठिकाण धूसर आणि पोहोचण्याचे ठिकाण तेजस्वी ठरले आहे. फ्रेंच लेखक आंद्रे जीद १९३६ मध्ये अशाच ओढीने सोव्हिएत रशियात गेला होता. परतल्यावर त्याने आपला भ्रमनिरास त्याच वर्षी पुस्तकरूपाने मांडला आणि जुन्या मित्रांचा रोष ओढवून घेतला. मराठीत अशा पुस्तकाची परंपरा निर्माण झाली नाही, ही उणीव नोंदवणे भाग आहे.

आजचा संदर्भ

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. या दुर्घटनांची कारणे प्रशासन, सुरक्षा आणि हवामान यांत शोधावी लागतील. लेखनाला त्यांचे कर्तृत्व देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि निसरडा खडक, अचानक वाढणारे पाणी, जीर्ण पूल आणि पाय ठेवण्यास जागा नसलेली गर्दी हे स्थळाच्या वर्णनाचेच घटक आहेत. ते गाळून केवळ हिरवाई आणि तुषार यांचे वर्णन करणारा लेख, छायाचित्र वा चित्रफीत सरोवरातील तो डोंगर पुन्हा एकदा रचते. तराफा ढकलणारे हात तेवढे बदलले आहेत.

मराठी विभागांचे दायित्व येथे सुरू होते. प्रवासवर्णन शिकवताना शब्दकळा आणि चित्रमयता यांवर भर दिला जातो. लेखकाने काय अपेक्षिले आणि काय पाहिले यांतील अंतर क्वचितच तपासले जाते. विद्यार्थ्याच्या सहलवृत्तान्तात ‘निसर्गाने मुक्त हस्ताने उधळण केली’ या वाक्याला गुण मिळतात आणि ‘ज्यासाठी गेलो ते तेथे नव्हते’ हे प्रामाणिक वाक्य रसहानी ठरते. अशा मूल्यमापनातून पाहण्याची नव्हे, माहात्म्य गिरवण्याची सवय लागते.

निष्कर्ष

मराठी प्रवासलेखनात अपेक्षाभंग विरळ आढळतो, याचे एक प्रमुख कारण तीर्थमाहात्म्याकडून आलेला स्थळाच्या निर्दोषत्वाचा साचा हे आहे. मात्र या साच्याला छेद देणारी दुसरी परंपराही याच भाषेच्या लेखकांनी घडवली आहे. रमाबाई अपेक्षेमागचा हितसंबंध उघड करतात, गोडसे भटजी आपली रिती झोळी झाकत नाहीत आणि इरावती कर्वे प्रेम न गमावता उणीव सांगतात. हे तिन्ही लेखक तक्रारखोर नाहीत. स्थळाचा आदर करूनच ते जवळ गेले आहेत. डोंगर दुरून साजरे दिसतात हे म्हणीने सांगून ठेवले आहे. जवळ गेल्यावर ते कसे दिसले हे सांगणे प्रवासवर्णनाचे काम आहे, आणि त्या सांगण्याला योग्य गुण देणे समीक्षेचे व अध्यापनाचे.